गिरणगावातली न झालेली बाग

मुंबईच्या ऐन मध्यावर, भायखळ्यापासून दादर-वरळीपर्यंतच्या पट्ट्यात, सुमारे २०० एकर जमीन बागा आणि मैदानांसाठी मिळणार होती. हे कुणाचे स्वप्नरंजन नव्हते. राज्य सरकारने मंजूर केलेल्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी नियम होता, क्रमांक ५८. पाच वर्षांनी त्या नियमाला प्रत्यक्ष आराखड्याचे रूप देणारा अहवालही तयार झाला, आणि तो करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया.

२०० एकर म्हणजे किती? शिवाजी पार्कचे मैदान सुमारे २८ एकरांचे आहे. तशी सात मैदाने. लालबाग, परळ, लोअर परळ, शिवडी, प्रभादेवी, वरळी अशा दाट वस्तीत सात शिवाजी पार्क पसरून ठेवले असते तर मध्य मुंबईत वाढणाऱ्या मुलांचे आयुष्य कसे असते, याचा विचार मी अनेकदा करतो. आज तिथे काचेचे टॉवर आहेत, मॉल आहेत, कार्यालये आहेत आणि त्यांच्या मधून जाणारे तेच जुने अरुंद रस्ते आहेत.

ही योजना रद्द करण्याची घोषणा कधीच झाली नाही. ‘बाग नको’ असे कोणी जाहीरपणे म्हटले नाही. नियमातल्या एका तरतुदीचा मजकूर बदलला आणि बागेची जमीन हिशेबातून निघून गेली. हे नेमके कसे घडले हे बहुतेक मुंबईकरांना माहीत नाही, कारण सगळा व्यवहार एफएसआय, टीडीआर, शिल्लक क्षेत्र अशा भाषेत झाला. ती भाषा समजली की बाकी गोष्ट अवघड नाही.

जमीन कुठून आली

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी स्थापन केली. ताडदेवच्या त्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांगच लागली. कोकणातून, घाटावरून माणसे आली, चाळी उठल्या, खानावळी सुरू झाल्या, आणि या सगळ्या भागाला गिरणगाव हे नाव पडले. आपण ज्या काळाबद्दल बोलतो आहोत त्या वेळी हिशेबात ५८ गिरण्या होत्या. त्यांतल्या २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या. एक राज्य सरकारच्या महामंडळाची. उरलेल्या ३२ खासगी. सगळ्यांची मिळून जमीन सुमारे ६०० एकर.

गिरणीची जमीन कशी वापरलेली असते हे इथेच लक्षात घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा डाव त्यावर फिरला. साचेखाते, म्हणजे जिथे माग चालतात ते खाते, बहुधा एकमजली आणि लांबरुंद असते. शेकडो मागांचा हादरा वरच्या मजल्यांना सोसत नाही. शिवाय विणकामाला सावलीचा, एकसारखा उजेड लागतो. म्हणून उत्तरेकडे काचा असलेली करवतीच्या दात्यांसारखी छपरे असतात, आणि अशी छपरे खाली आणखी मजले असतील तर उपयोगाची नाहीत. त्यामुळे गिरण्या उंच वाढल्या नाहीत, आडव्या पसरल्या. त्यात गोदामे, बॉयलर, तलाव, कचेऱ्या. गिरणीच्या आवाराचा बराच मोठा भाग छपराखाली असे, आणि मोकळी जमीन म्हणजे मधल्या वाटा, कडेचे पट्टे आणि एखादे अंगण.

या आवारांच्या बाहेर लाखो माणसे दहा बाय बाराच्या खोल्यांत राहत होती. भायखळ्याला राणीचा बाग, दादरला शिवाजी पार्क. मध्ये कामगार मैदान, नरे पार्क, वरळीचे जांबोरी मैदान अशी मोजकी मैदाने. बाकी खेळ, सण, सभा, भजने, सगळे रस्त्यावर आणि चाळीच्या गॅलरीत. कामगारवस्ती वसवताना मोकळ्या जागेचा विचार फारसा झालाच नव्हता. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूला आधी रस्ते आणि बागा आखल्या, मग भूखंड दिले. पाच उद्याने त्यातूनच झाली. गिरणगावाच्या वाट्याला ते आले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचा शेवट कधी जाहीर झालाच नाही; पण गिरण्या पूर्वपदावर आल्या नाहीत. काही बंद पडल्या, काही आजारी ठरल्या, काही सरकारने ताब्यात घेतल्या. दरम्यान शहर वाढून गिरण्यांच्या चहूबाजूंनी पसरले होते. पूर्वी गावाबाहेरची वाटणारी जमीन आता बेटाच्या मध्यभागी होती. कापडापेक्षा जमिनीला मोल आले.

दोन संज्ञा

एफएसआय म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक: भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते सांगणारा आकडा. मुंबई बेटावर तो साधारण १.३३ होता. म्हणजे १००० चौरस मीटरच्या भूखंडावर सगळे मजले धरून १३३० चौरस मीटर बांधकाम. ते दोन मजल्यांत पसरा किंवा दहा मजल्यांत रचा.

टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. समजा तुमची जमीन शाळेसाठी किंवा बागेसाठी महापालिकेने घेतली. रोख भरपाई देण्याऐवजी पालिका म्हणते: या जमिनीवर तुम्ही जेवढे बांधू शकला असता तेवढे बांधकाम दुसरीकडे करा, किंवा तो हक्क दुसऱ्याला विका. पालिकेच्या तिजोरीतून पैसा जात नाही, जमीन मात्र मिळते.

आता लक्षात येईल की जमीन आणि बांधकाम-हक्क या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. दहा एकरांचा मालक सहा एकर सोडून देऊनही बांधकामाच्या हक्कात फारसा तोट्यात जाणार नाही, अशी व्यवस्था करणे शक्य आहे. १९९१ चा नियम ५८ याच पायावर उभा होता. ‘मालकाची जमीन फुकट काढून घेत होते’ असे अनेकजण समजतात. तसे नव्हते. सोडलेल्या जमिनीच्या मोबदल्यात बांधकामाचे हक्क मिळणार होते.

मूळ नियम

१९९१ चा नियम थोडक्यात असा: गिरणी बंद पडली, आजारी असली, किंवा मालकाला जमिनीचा पुनर्विकास करायचा असला, तर परवानगी मिळेल, पण मोकळी जमीन आणि जुनी बांधकामे पाडल्यावर रिकामी होणारी जमीन, ही दोन्ही मिळून तीन वाट्यांत विभागली जाईल. एक वाटा महापालिकेला, बागा, मैदाने आणि सार्वजनिक सोयींसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. एक मालकाला, विकण्यासाठी किंवा बांधण्यासाठी. प्रत्येक वाटा बरोबर एक तृतीयांश नव्हता. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत पालिकेला ३३ टक्के, म्हाडाला २७ आणि मालकाला ४०. त्यापेक्षा मोठ्या गिरण्यांत म्हाडाचा वाटा वाढत जाई, मालकाचा कमी होई. पालिकेचे ३३ टक्के मात्र सगळीकडे कायम. जमीनविक्रीतून येणारा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि त्यातून कामगारांची देणी व गिरणीचे पुनरुज्जीवन भागवायचे, अशीही अपेक्षा होती.

६०० एकरांचे ३३ टक्के म्हणजे सुमारे २०० एकर. सुरुवातीला दिलेला आकडा इथून येतो.

मला हा नियम आजही महाराष्ट्रातल्या नगररचनेतल्या सर्वांत सुजाण कल्पनांपैकी एक वाटतो. शहर म्हणत होते: उद्योगासाठी दिलेली जमीन उद्योग संपल्यावर घरे-कचेऱ्यांसाठी वापरायची असेल, तर त्यातून होणाऱ्या प्रचंड फायद्यात शहराचा, बेघराचा आणि मालकाचा, तिघांचाही हिस्सा असेल.

पण नियमात दोन कच्चे दुवे होते, आणि ते स्पष्ट सांगायला हवेत. पहिला: वाटणी केव्हा होणार, तर मालक पुनर्विकासाचा अर्ज करील तेव्हा. त्याने अर्जच केला नाही तर काही होणार नाही. दुसरा: गिरणीची उभी बांधकामे न पाडता आतल्या आत वेगळ्या वापरासाठी वळवण्याची मुभा होती. जुन्या खात्यांच्या भिंती तशाच ठेवून आत कार्यालये आणि दुकाने थाटता येत होती. जमीन सोडावी लागत नव्हती, भाडे मात्र येत होते. साहजिकच पुढच्या दहा वर्षांत पूर्ण वाटणीसाठी पुढे आलेल्या गिरण्या फारच थोड्या होत्या. फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली सुरू झाली ती याच काळात. शेजारच्या चाळींतले लोक तेव्हा थकीत देण्यांसाठी मोर्चे काढत होते.

कोरियांनी काय सुचवले

फेब्रुवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने चार्ल्स कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला आणि त्याच वर्षी त्याचा अहवाल आला. नवी मुंबईची मूळ कल्पना ज्या तिघांनी मांडली त्यांत कोरिया होते. मुंबईच्या गर्दीचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. खासगी मालकांच्या गिरण्यांची माहिती समितीला मिळाली नाही, त्यामुळे अहवाल मुख्यतः एनटीसीच्या २५ गिरण्यांवर आहे.

नियम ५८ चा एक मोठा व्यावहारिक दोष कोरियांनी ओळखला होता. प्रत्येक गिरणीचा तिसरा हिस्सा स्वतंत्रपणे घेतला, तर शहराच्या हाती बागांऐवजी तुकडे येतील. इथे एक एकर, तिथे पाऊण एकर, एखादा टॉवरच्या मागे, एखादा नाल्याकाठी. अशा तुकड्यांत ना क्रिकेट खेळता येते, ना मोठी झाडे वाढतात. आणि चार वर्षांत तिथे पार्किंग होते.

त्यावर त्यांचा उपाय असा: २५ गिरण्यांचा मालक एकच, सरकार. मग प्रत्येक आवार वेगळे का धरायचे? सगळी जमीन एक समजा. परळ भागात शेजारी-शेजारी असलेल्या गिरण्यांच्या हद्दी पुसून टाका आणि तिथे सलग मोकळी जागा काढा. तिथले बांधकाम-हक्क दुसऱ्या गिरणीच्या जमिनीवर न्या, जिथे रस्ते आणि स्टेशन भार पेलू शकतील. म्हाडाचे हिस्से एकत्र करून नीट वसाहती बांधा. दगडी गिरण्यांच्या चांगल्या इमारती आणि चिमण्या राखा, त्या सार्वजनिक वापरासाठी ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, स्टेशनांच्या तोंडाशी पायी चालणाऱ्यांसाठी मोकळ्या जागा काढा.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो. मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) ही स्टेशने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. गिरण्या चालू असताना तिथे उतरणारा कामगार पाळीच्या वेळेत येई आणि जाई. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली की गर्दीचा आकार आणि वेळ दोन्ही बदलणार, हे १९९६ मध्ये दिसत होते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पुलाची जबाबदारी रेल्वेची होती, हे खरे. पण पुलावर एवढी माणसे का आली, याचे उत्तर भोवतालच्या जमिनीचे काय केले यात आहे. मोकळी जागा म्हणजे शोभेची हिरवळ असे समजणाऱ्यांनी ही सकाळ आठवावी.

अहवाल स्वीकारून अंमलात आणण्याची वेळ आली नाही. तो बराच काळ लोकांसमोरही नव्हता. पाच वर्षे अशीच गेली.

२००१ चा बदल

मार्च २००१ मध्ये राज्य सरकारने नियम ५८ दुरुस्त केला. सरकारची बाजू अशी होती: दहा वर्षांत जुना नियम चाललेला नाही, मालक पुढे येत नाहीत, गिरण्या बंद पडून आहेत, कामगारांची देणी थकली आहेत. जमीन विकता आली तरच पैसा उभा राहील. तेव्हा नियम मालकांना परवडेल असा करू.

हा युक्तिवाद खोटा नव्हता. देणी खरोखर थकली होती, माणसे खरोखर उपाशी होती. वर्षानुवर्षे मोर्चे काढणाऱ्या कामगाराला बागेपेक्षा आधी आपली ग्रॅच्युइटी हवी असणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

पण बदल नेमका काय झाला ते पाहा. जुन्या नियमात वाटणीला येणारी जमीन होती: मोकळी जमीन आणि बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जमीन. नव्या नियमात उरली फक्त मोकळी जमीन आणि शिल्लक एफएसआय, म्हणजे आधीच्या बांधकामात न वापरलेला बांधकाम-हक्क. ‘पाडल्यावर रिकामी होणारी’ हा भाग गेला. म्हणजे मालकाने जुनी गिरणी जमीनदोस्त केली, तरी तिच्या खालची जागा वाटणीत धरायची नाही. जेवढे बांधकाम पाडले तेवढे तिथे पुन्हा नव्याने उभारता येईल.

समजण्यासाठी एक काल्पनिक गिरणी घेऊ. एकूण दहा एकर जमीन, त्यातली आठ एकर छपराखाली, दोन एकर मोकळी.

१९९१ च्या नियमाने सगळे पाडले तर दहाही एकर वाटणीत येतात. पालिकेला ३.३ एकर, म्हाडाला २.७ एकर, मालकाला ४ एकर आणि वर सोडलेल्या जमिनीचे बांधकाम-हक्क.

२००१ च्या नियमाने वाटणीत येतात फक्त दोन एकर. पालिकेला त्याचे ३३ टक्के, म्हणजे ०.६६ एकर. म्हाडाला ०.५४ एकर. मालकाकडे राहतात ८.८ एकर.

३.३ एकरांत एक चांगले मैदान होते. ०.६६ एकरात चार घसरगुंड्या आणि जॉगिंगचा एक छोटा फेरा. हीच वजाबाकी ५८ गिरण्यांवर करा आणि २०० एकरांचे काय झाले ते कळेल. गिरण्या आडव्या का पसरल्या हे आधी सांगितले ते यासाठीच: ज्या आवाराचा मोठा भाग छपराखाली आहे, तिथे ‘फक्त मोकळी जमीन वाटू’ म्हणणे म्हणजे जवळजवळ काहीच न वाटणे.

आणि इथे माझा सरकारशी खरा मतभेद आहे. देणी भागवण्यासाठी पैसा हवा होता, तर १९९१ च्या नियमातही मालकाचा वाटा विकून पैसा येत होता. नियम चालत नव्हता याचे कारण बांधकामे न पाडता आत धंदा करण्याची सवलत हे होते. ती सवलत बंद केली असती, मालकांना मुदत घातली असती, टीडीआर लवकर हाती देण्याची सोय केली असती, तर हाच नियम चालू शकला असता. निदान एनटीसीच्या गिरण्यांत तर नक्कीच, कारण तिथे मालक सरकारच होते. दुरुस्ती करायची होती ती दाराच्या कडीची. सरकारने भिंतच काढली.

न्यायालयात

या बदलाला २००५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात आव्हान दिले. तोवर जमिनीची खरेदी-विक्री जोरात सुरू झाली होती. त्याच वर्षी एनटीसीने पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या: मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना, एल्फिन्स्टन ४४१ कोटींना, कोहिनूर क्रमांक ३ ४२१ कोटींना, ज्युपिटर २७६ कोटींना, अपोलो १८० कोटींना. बेरीज २०२० कोटी रुपये. कोरियांनी ज्या जमिनी एकत्र धरायला सांगितल्या होत्या, त्या अशा एकेक करून वेगवेगळ्या विकासकांकडे गेल्या. एकदा मालक वेगळे झाले की हद्दी पुसणे संपले. सलग बागेची कल्पना खरे तर तिथेच अशक्य झाली.

ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने कौल दिला. नियम ५८ चा अर्थ असाच लावला पाहिजे की पाडकामानंतर रिकामी होणारी जमीनही वाटणीत येईल, असे त्या निकालाचे सार होते. काही महिने वाटले की बाग परत मिळते की काय.

७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. २००१ चा नियम जसा लिहिला आहे तसाच वाचायचा, मोकळी जमीन म्हणजे आधीपासून मोकळी असलेलीच, आणि नियम करणे हे सरकारच्या अखत्यारीतले काम आहे, अशी त्या निकालाची दिशा. आजारी गिरण्या, कामगारांची देणी, तोवर झालेले व्यवहार आणि गुंतवणूक यांचेही वजन पडले. नियम चांगला आहे की वाईट हा न्यायालयापुढचा प्रश्न नव्हता, तो वैध आहे का हा होता. म्हणून या निकालाला बागेविरुद्धचा निकाल समजणे बरोबर होणार नाही. बाग २००१ मध्येच गेली होती.

मग काय उभे राहिले

एकाच जमिनीचे पुढे काय झाले ते सांगतो. मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. २०१२ मध्ये ती लोढा समूहाने सुमारे २७०० कोटींना विकत घेतली. सात वर्षांत जवळपास चौपट. वाढलेला हा पैसा ना कामगारांकडे गेला, ना शहराकडे. केंद्र सरकारच्या महामंडळाने तर जमीन आधीच विकून टाकली होती. आज तिथे उंच निवासी टॉवर आहेत आणि त्या संकुलाचे नाव ‘द पार्क’ आहे. आत खरोखर काही एकरांची सुंदर हिरवळ आहे, तिथल्या रहिवाशांसाठी.

म्हाडाचा वाटा आटला तशी घरेही आटली. दत्ता इस्वलकरांसारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे लढून बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घर हा हक्क मान्य करून घेतला, हे त्या लढ्याचे मोठे यश. म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५, २०१६ मध्ये २,६३४ आणि २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत काढली. शिवाय पनवेलजवळ कोन इथे आणखी काही. घरासाठी अर्ज होते दीड लाखांच्या आसपास. मुंबईत जमीन नाही म्हणून कामगारांच्या वारसांना शहराबाहेर घरे देण्याचे प्रस्ताव आज येतात तेव्हा मला म्हाडाचा तो २७ ते ३७ टक्क्यांचा हिस्सा आठवतो. मुंबईत जमीन होती. एका नियमाने ती राखलीही होती.

सगळेच गेले असे नाही. दादरच्या इंदू मिलच्या १२ एकरांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक होत आहे. जनतेच्या रेट्याने मिळवलेली ही सार्वजनिक जागा आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ ची जमीन महापालिकेकडे आली आणि तिथे वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचे काम सुरू झाले. या दोन्ही जागा एनटीसीच्या होत्या, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. सरकारच्या हातात जमीन असताना काय करता येते याचे हे नमुने. पंचवीसच्या पंचवीस आवारांचा असा विचार झाला असता तर, ही माझी खंत.

रेसकोर्सच्या निमित्ताने

हा इतिहास आत्ता समजून घेण्याला कारण आहे. गिरणगावाला लागूनच महालक्ष्मी रेसकोर्स आहे, २११ एकर. जमीन काही राज्य सरकारची, काही महापालिकेची; घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबचा जुना भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये त्यातली १२० एकर जागा महापालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी आली आणि ९१ एकर नव्या भाडेपट्ट्याने क्लबकडे राहिली. सागरी किनारा मार्गालगतच्या भरावाच्या जमिनीशी जोडून सुमारे ३०० एकरांचे ‘सेंट्रल पार्क’ करण्याची घोषणा आहे. मला हे उद्यान मनापासून हवे आहे. झाले तर दोन पिढ्यांनी गमावलेले थोडे तरी परत येईल.

पण घोषणेच्या चित्रांवरून काही कळत नाही. नियम ५८ च्या अनुभवावरून पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. उद्यानाची हद्द विकास आराखड्याच्या नकाशावर आरक्षण म्हणून आखली आहे, की ती केवळ एखाद्या करारात किंवा ठरावात आहे? गिरणगावात २०० एकर कोणत्याही नकाशावर रंगवलेले नव्हते, ते एका सूत्रातून निघत होते. सूत्र बदलले की क्षेत्रफळ बदलले. जमीन आजच पालिकेच्या नावावर आहे, की पुढे कुणी काही केले तर येणार आहे? जमिनीखाली वाहनतळ, वर क्लब हाऊस, कडेला ‘पूरक सुविधा’ यांना किती जागा दिली आहे, आणि ती उद्यानाच्या एकरांत मोजली आहे का? मोजली असेल तर १२० मधले खरोखर मोकळे किती?

अशा योजनेत फेरफार होतो तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांतल्या जाहिरातीत आणि राजपत्रात ती छापून येते. मुदत साधारण महिन्याची असते. गिरण्यांच्या जमिनीचा नियमही याच कलमाखाली बदलला होता. रेसकोर्सबद्दल, किंवा तुमच्या शहरातल्या एखाद्या बंद कारखान्याच्या, जुन्या कारागृहाच्या, बस आगाराच्या जमिनीबद्दल अशी सूचना दिसली, तर तिच्यासोबतचा तक्ता उघडा आणि जुना मजकूर व नवा मजकूर शेजारी-शेजारी ठेवून वाचा. कोणते शब्द गळाले आहेत ते पाहा, तुमच्या ओळखीच्या एका भूखंडावर दोन्ही नियमांनी हिशेब करा, आणि फरक किती एकरांचा पडतो ते महिन्याच्या आत लेखी कळवा.